मधलं माणूस

दादासाहेबांशी मी पंचवीस वर्षांत एकदाही सरळ बोलले नव्हते. भांडण नव्हतं. ते माझे थोरले दीर, आणि आमच्यात धाकट्या भावाची बायको थोरल्या दिराशी बोलत नाही. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि जे काय सांगायचं ते मधल्या माणसाला. ते दोन हातांवर जेवायला बसलेले असत आणि मी म्हणे, "गरिमा, विचार, अजून एक पोळी वाढू का?" ते म्हणत, "गरिमा, सांग, पुरे." गरिमा त्यांची मुलगी. ती बोलायला लागायच्या आधी हे काम तिची आई करायची. आणि घरात कुणीच नसलं तर मी मांजराला सांगायची. मांजरानं कधी निरोप चुकवला नाही.

बाकी रीती आम्ही सोयीसोयीनं मोडल्या. गरिमा जीन्स घालून स्कूटीवरून बँकेत जाते आणि अर्धं हिंदीत बोलते. दसऱ्याला पूर्वजांची तलवार पुसतो, ती माळ्यावरून काढायला शिडी शेजाऱ्यांची आणतो. ही एक रीत तेवढी राहिली, कारण तिचा कुणाला त्रास नव्हता. गरिमाची आई, वहिनीसाहेब, गेल्या, तरी राहिली.

दादासाहेबांना रक्ताचा कर्करोग निघाला, तो सावकाश चालणारा. डॉक्टरांनी बराच काळ नुसती नजर ठेवली. मग मानेतल्या गाठी वाढल्या, हिमोग्लोबिन घसरलं, कोट खांद्यांवरून उतरायला लागला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता सुरू करू. औषधं दोन, जोडीनं. एक केमो, दुसरी बायोलॉजिकल थेरपी.

"दोन कशाला?" असं मी गरिमाला विचारलं. म्हणजे अर्थात तिच्या वडिलांना ऐकू जाईल असं.

"काकी, चंबल का मामला समझो," गरिमा म्हणाली. "हे दुसरं औषध म्हणजे मुखबिर, पोलिसांचा खबऱ्या. बिघडलेल्या पेशीला जाऊन चिकटतं आणि बोट दाखवतं, ये रहा! मग शरीराचे शिपाई धावतात. केमो म्हणजे सरळ गोळीबार. त्यात भले लोकही मरतात. दोघं मिळून एकट्यापेक्षा चांगलं काम करतात."

"गरिमा, काकीला सांग," दादासाहेब म्हणाले, "आपल्या खानदानात आजवर मुखबिर कुणी झाला नाही."

पहिल्या सलाईनच्या दिवशी गरिमानं आम्हाला जयेंद्रगंजातल्या घरून रिक्षात घातलं, स्वतः स्कूटीवर मागून इस्पितळात आली आणि पलंग मिळेपर्यंत थांबली. तेवढ्यात बँकेतून फोन आला, ऑडिटवाले आलेत. "एक घंटे में आती हूँ," म्हणून गेली. माझे यजमान समरजीत नोकरीच्या गावी, जबलपूरला. राहिलो आम्ही दोघं. मध्ये माणूस नाही.

सोनिका नावाची सिस्टर होती, चटपटीत. आधी ॲलर्जीची इंजेक्शनं दिली, मग मुखबिराची बाटली टांगली. म्हणाली, "दादाजी, पहली बार है, धीरे चलाएँगे. ठंड लगे, खुजली हो, गला कसे, तो फ़ौरन बोलना. हम रोककर सँभाल लेते हैं. छुपाओगे तो जान पर आएगी."

"जी, ज़रूर," दादासाहेब म्हणाले. त्यांची अदब अशी की समोरच्याला खरंच वाटावं.

मी स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसले, रीतीप्रमाणे. भिंतीवर हात कसे धुवावेत याची चित्रं होती. ती पाठ होत आली तेव्हा मागून आवाज यायला लागला. टिक, टिक. दादासाहेबांची पोवळ्याची अंगठी पलंगाच्या दांडीवर वाजत होती. मला वाटलं, जप चाललाय. पण जप इतका घाईनं कुणी करत नाही.

मी पलंगाशेजारच्या पडद्याला म्हटलं, "कुणाला थंडी वाजत असेल तर सिस्टरला सांगावं."

तेही पडद्यालाच म्हणाले, "कुणाला काही होत नाहीये." 'होत'मधला 'त' तीनदा आला.

मी घंटी दाबली. सोनिका दोन पलंगांपलीकडून धावत आली. "दादाजी, कैसे हैं?"

घोंगडी हनुवटीपर्यंत, हात आत. "आपकी कृपा है, बेटा."

ती हसली आणि गेली. तिला काय माहीत, आमच्याकडे मरतानाही माणूस आधी समोरच्याची खुशाली विचारतो. आणि धाकट्या भावाच्या बायकोसमोर थरथरणं म्हणजे तर काय!

अंगठी पुन्हा वाजू लागली. मग एकदम थांबली. थांबली तेव्हा मी घाबरले.

मी वळले. इतक्या वर्षांत त्यांच्या चेहऱ्याकडे असं बघितलं नव्हतं. नाक अगदी समरजीतसारखं. गळ्यावर लाल गांधी उठल्या होत्या, ओठ काळपट पडले होते, आणि दांडी मुठीत गच्च.

"दादासाहेब, घसा आवळतोय का?"

ते पडद्याकडे बघायला लागले.

"तिकडे नका बघू. मी विचारतेय."

"हो," ते म्हणाले. नुसता श्वासच होता तो. "धाकट्या बाई, हो."

"सिस्टर!" मी अशी ओरडले की सगळा वॉर्ड वळला. "झूठ बोल रहे हैं ये! साँस नहीं आ रही इनको!" पदर कधी पडला कळलं नाही.

सोनिकानं आधी बाटली बंद केली. मग ऑक्सिजन, इंजेक्शन, डॉक्टर, सगळे एकदम पलंगाभोवती. मी भिंतीला टेकून उभी राहिले, हात धुण्याच्या चित्रांवर. हळूहळू घोंगडी हलायची थांबली. डॉक्टर म्हणाले, पहिल्यांदा असं होतं, उपचार काही वाया गेला नाही, दुपारी पुन्हा अगदी सावकाश लावू. मात्र आणखी गप्प बसले असते तर अवघड होतं.

दुपारी थेंब पुन्हा पडायला लागले. सोनिकानं विचारलं, "अब कैसा है, दादाजी?"

त्यांनी अंगठीचं बोट माझ्याकडे केलं. "इनसे पूछिए. मुखबिर ये हैं."

मी पदर डोक्यावर घेतला, पण स्टूल त्यांच्याकडे वळवूनच बसले. थर्मासमधला चहा दिला. त्यांनी दोन घोट घेतले.

"धाकट्या बाई."

मी सवयीनं गरिमाला शोधलं. ती नव्हती.

"चहात साखर कमी असते."

"आज?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगायचं ना!"

"कुणाकडून? मांजराकडून?"

तेवढ्यात गरिमा हेल्मेट हातात घेऊन धापा टाकत आली. "सॉरी, सॉरी! पापा, काही हवंय? काकी को बोलूँ?"

"तू बस," दादासाहेब म्हणाले. "आमचं बोलणं चाललंय."