मेथीच्या वाफ्यातलं जोडवं

दिगंबर काकांच्या अमेरिकेतल्या घरी डायनिंग टेबलावर दोन पिनपॉइंटर पडले होते आणि तिसऱ्याचे रिव्ह्यू ते लॅपटॉपवर वाचत होते. गाजराएवढं, हातात धरायचं यंत्र. धातू शोधणारा मोठा डिटेक्टर ‘इथे कुठेतरी’ एवढंच सांगतो. मातीत नेमकं कुठे, ते हे सांगतं.

“पिवळा रिटर्न करतोय,” काका म्हणाले. “मॉरिसव्हिलची लाल माती, त्यात नुसतं लोखंड. वाफ्यात खुपसला की हा रडायलाच लागतो. काळा गप्प असतो, पण इतका गप्प की चांदीही त्याला कळत नाही.”

“आणि तिसरा?”

“तो मातीप्रमाणे ॲडजस्ट करता येतो. नुसता व्हायब्रेटही होतो, प्रतिमाची झोप मोडायला नको. पण एक जण बॅटरीबद्दल तक्रार करतोय...”

“काका, मागवून टाका ना.”

“अगं, नोकरीत जन्मभर टेस्टिंगच केलंय मी. घाई करून नाही चालत.”

आजारात प्रतिमाकाकू वाळत गेल्या आणि मेथी खुडताना त्यांच्या एका पायातलं जोडवं कधी गळून पडलं ते कळलंच नाही. आता त्यांचा पलंग फॅमिली रूममध्ये आहे आणि डॉक्टरांनी उपचार थांबवलेत. दोन्ही पायांत जोडवी घालून जायचंय, असं त्या एकदाच बोलल्या. तेव्हापासून काका एकतर वाफ्यात असतात नाहीतर लॅपटॉपवर. मी शेजारीच राहते, दुपारी माझ्या लेकीला, इलाला, घेऊन येते. फॅमिली रूमवरून जाताना काका मान खाली घालतात, हे माझ्या लक्षात आलंय.

रांगत्या इलाच्या हाती लागतील म्हणून दोन्ही यंत्रं मी उचलून फ्रिजवर ठेवली. मग तिला कडेवर घेऊन काकूंकडे गेले.

“वाफ्यात गेलेत का गं?”

“नाही, वाचतायत. तिसरा बघतायत.”

“मला बघून गेले तेव्हाही होकार कळवायला महिना लावला होता,” काकू हसल्या. हसता हसता त्यांना धाप लागली. मग म्हणाल्या, “ते उरलेलं काढ माझ्या पायातलं. दोरा सोडून टाक, आणि त्यांना सांग सापडलं म्हणून.”

“काकू! काका असताना कसं...”

“मला ते इथे हवेत गं. काढ.”

गळू नये म्हणून जोडव्याला दोरा गुंडाळला होता. तो मी हळूहळू सोडवला. इला माझे केस ओढत होती, आणि तिचं ओझं अंगाशी आहे याचाच मला आधार वाटला.

काकांनी जोडवं तळहातावर घेतलं. उलटसुलट करून पाहिलं.

“कुठल्याने सापडलं?”

“पिवळ्याने.”

“शक्यच नाही.” अंगठ्याने त्यांनी ते पुसलं. माती नव्हतीच. “धुतलंस?”

“हो.”

ते उठले. मी मागोमाग दारापर्यंत गेले. पलंगाच्या पायथ्याशी वाकून त्यांनी पांघरूण बाजूला केलं. दोन्ही पाय उघडे होते. एका बोटावर दोऱ्याचा वळ अजून ताजा होता.

काका तसेच वाकून उभे राहिले. त्यांच्या मुठीत जोडवं होतं.

“प्रतिमा, हे कुठल्या पायात...”

“घालाल हो सावकाश,” काकू म्हणाल्या. “आधी बसा.”

काका बसले, आणि काकूंचे दोन्ही पाय त्यांनी मांडीवर घेतले.