नामाने निवडलेलं पुस्तक

भिवंडीजवळच्या टेमघरला केसरीनाथ गुरुजींच्या ओटीवर दर महिन्याच्या तिसऱ्या रविवारी चार-पाच माणसं एक पुस्तक मध्ये ठेवून बसायची. त्याला कुणी मंडळ वगैरे म्हणत नव्हतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर गुरुजी दोन वर्षं घरात बसून कंटाळले आणि एक दिवस राघोला म्हणाले, "तू वाच, मी वाचतो, मग बोलू." राघो पोस्टातून निवृत्त झालेला, त्यालाही दुसरा उद्योग नव्हता. पुढे शिवणकाम करणारी चंद्रा यायला लागली. मशीनच्या खडखडाटातून दोन तास सुटका मिळते, एवढंच तिचं म्हणणं. गुरुजींची सून हेमाली आधी नुसता चहा ठेवून जायची. मग दारात उभी राहून ऐकायला लागली, आणि एक दिवस बसलीच. २००५च्या सुमाराला नामा आला.

नामा अंबाडीच्या पुढच्या एका गावचा. बायको गुणाबाईला घेऊन भिवंडीत आला आणि गोदामांत माल चढवायचं-उतरवायचं काम धरलं. गुरुजींच्या घरची खाडीकडची भाताची जमीन होती, तिथे त्यांच्या मुलाने, भाविकने, गोदामाचे गाळे बांधून भाड्याने दिले होते. तिथेच नामा कामाला. गुरुजी एकदा गाळ्याच्या सावलीत वाचत बसले होते, तेव्हा तो घाम पुसत जवळ आला. "गुरुजी, पुरं झालं की मना द्याल?" त्या महिन्याच्या तिसऱ्या रविवारी तो धुतलेला शर्ट घालून ओटीच्या पायरीवर येऊन बसला. वर बस म्हणून सांगायला तीन रविवार लागले.

नामाचं शिक्षण नववीपर्यंतचं, पण बोलायला लागला की गुरुजींचं व्याख्यान थांबायचं. गुरुजी लेखकाला काय म्हणायचं आहे ते सांगत असायचे आणि नामा मध्येच हळूच म्हणायचा, "पन गुरुजी, डोक्यावर पन्नास किलो घेऊन मानूस येवढं बोलंल?" राघो हसायचा. गुरुजींना आधी राग यायचा. नंतर नंतर पुस्तक वाचतानाच त्यांच्या मनात यायचं, याला नामा काय म्हणेल.

पुस्तक निवडायची एकेकाची पाळी असायची. एकच प्रत, ती सगळ्यांच्या हातातून फिरायची आणि बैठकीआधी निवडणाऱ्याकडे परत जायची. नामाने दोन वर्षं आपली पाळी दुसऱ्याला दिली. "मना काय कळतं," म्हणायचा. २००७च्या फेब्रुवारीत मात्र तो निजामपुऱ्यातल्या रद्दीवाल्याकडून एक जाड कादंबरी घेऊन आला. मुखपृष्ठ फाटलेलं, लेखकाचं नाव नाही, पुस्तकाचंही नाही.

"वजनावर घेतलंय. वाईट निघालं तर शिव्या मना द्या."

"हेच का निवडलंस?" चंद्राने विचारलं. निवडणाऱ्याने कारण सांगायचं, असा नियमच होता.

"यात येक हमाल हाय," नामा म्हणाला. "आतापरेंत आपन वाचलं त्यात हमाल येतो, पोतं टाकतो आन जातो. यात तो शेवटपरेंत हाय."

पुस्तक राघोकडून चंद्राकडे, तिथून हेमालीकडे, मग गुरुजींकडे आलं आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात नामाकडे परत गेलं. रविवारी त्यावर बोलायचं होतं.

त्याआधीच्या गुरुवारी दुपारी गुरुजी पाण्याची टाकी बघायला गाळ्यांवर गेले. नामा तीन नंबरच्या गाळ्यात होता. तिथे भाडेकरू व्यापारी मोठ्या पिंपांतलं, रंगात मिसळायचं पटकन पेटणारं थिनर लहान डब्यांत भरून घ्यायचा. त्याचा परवाना नव्हता, हे भाविकला माहीत होतं आणि गुरुजींनाही माहीत होतं.

"पुस्तकाचं काय मग? मला बोलायचंय बरंच," गुरुजी म्हणाले.

"आता न्हाय. रविवारी. मी लिवून ठेवलंय."

तेवढ्यात गाळ्यांच्या टोकाला उभ्या असलेल्या भाविकचा फोन वाजला. तपासणीची जीप रस्त्यावरून आत वळली होती. भाविक धावत आला. आत नामा आणि आणखी दोघे डबे भरत होते. "आवाज करू नका," एवढं म्हणून त्याने शटर खाली ओढलं. शटर गुडघ्यापर्यंत आलं असताना आतून नामाचा आवाज आला, "चला, झोप काढू." भाविकने कुलूप लावलं.

"अरे, माणसं आत आहेत," गुरुजी म्हणाले.

"बाबा, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. जीप गेली की उघडतो. तुम्ही घरी जा बघू."

गुरुजी घरी गेले. जमिनीचे मालक म्हणून प्रत्येक गाळ्याची एक चावी त्यांच्याकडे असायची. जुडगा सदऱ्याच्या खिशातच होता.

जीप अर्ध्या तासात गेली नाही. साहेब लोक शेजारच्या रांगेत चहाला थांबले आणि भाविक त्यांच्यापुढे हसत उभा राहिला. साडेतीनला स्फोटाचा आवाज टेमघरपर्यंत आला. वाटेत मिळाली त्या रिक्षात बसून गुरुजी पोचले तेव्हा तीन नंबरच्या शटरखालून काळा धूर येत होता आणि आतून कुणीतरी शटर ठोकत होतं. हातांनी नव्हे, कसल्यातरी जड वस्तूने. ठण, ठण, ठण. गुरुजींनी खिशात हात घातला आणि पुढे निघाले. भाविकने मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"बाबा, उघडलंत की भडका उडेल. तुम्ही जाल."

गुरुजी सुटायला बघत होते. किती जोर लावून बघत होते, ते त्यांना पुढे कधीच ठरवता आलं नाही. सत्तरीचे असले तरी ते शेतात वाढलेले होते. ठोकणं मंद झालं आणि मग थांबलं.

बंबवाल्यांनी शटर कापलं. तीन माणसं काढली, तिन्ही मेलेली. त्या गर्दीत भाविकने कापलेल्या शटरवरून चिखलात पडलेलं कुलूप उचलून खिशात टाकताना गुरुजींनी पाहिलं.

जबाबात भाविकने सांगितलं, उष्णतेने शटर अडकलं. गुरुजींनी खाली साक्षीदार म्हणून सही केली. त्यांच्या सहीला टेमघरात मान होता. चाळीस वर्षं मुलांच्या दाखल्यांवर ती पडली होती. व्यापारी पळून गेला, दोष सगळा त्याच्यावर गेला आणि पेपरात चार ओळी आल्या.

त्या रविवारी कुणी जमलं नाही. एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी राघो आला, चंद्रा आली, हेमाली बसली. गुरुजींना नको होतं, पण नाही कसं म्हणायचं ते सुचलं नाही. पुढचं पुस्तक कुठलं, असं राघोने विचारलं. तेवढ्यात गुणाबाई पायऱ्या चढून आली. हातात कापडी पिशवी, पिशवीत ते पुस्तक.

"रईवारी गुरुजींकडं न्यायचंय म्हनत व्हता," ती म्हणाली. "घरी पडून व्हतं. मना वाचता येत न्हाय. पन तुमी बोला यावर. मी बसते."

चंद्राने तिला आपल्या शेजारी घेतलं. हेमालीने पुस्तक उघडलं. पानापानाच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. ती वाचायला लागली.

"'पोतं असं उचलत नाहीत. कंबर जाईल.'" पुढे: "'इथे बरोबर आहे.'" आणखी पुढे: "'याने दुपारी खाल्लं नाही, तरी संध्याकाळी गाडी भरतो. लेखकाने एकदा भरून बघावी.'"

गुणाबाई हसली. मग सगळेच थोडे हसले. एका पानावर हमालाची बायको फडक्यात भाकरी बांधून देते, तिथे काही लिहिलेलं नव्हतं, नुसती रेघ ओढलेली होती, दोनदा. ते हेमालीने बोटाने दाखवलं. गुणाबाईने त्या रेघेवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ तिथेच ठेवलं.

"गुरुजी, येक इचारू?" ती म्हणाली. "तुमी शिकलेली मानसं. तो आत का ऱ्हायला?"

राघो म्हणाला, "शटर अडकलं, गुणाबाई. पेपरात आलं होतं."

"दहा वर्सं शटरं वर-खाली करीत व्हता. अडकलेलं शटर खालनं पहार घालून उचलायचं, ते त्यानंच दुसऱ्यांना शिकवलं. पहार आतच व्हती. मंग का न्हाय निघाला?"

ती कुणावर आरोप करत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. गुरुजींनी राघोकडे पाहिलं, राघो उत्तरासाठी त्यांच्याकडेच पाहत होता. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं. महिनाभर चाललंच होतं.

"अडकलं नव्हतं," गुरुजी म्हणाले. "बाहेरून कुलूप होतं. भाविकने लावलं. मी समोर उभा होतो."

हेमालीने पुस्तक मिटलं.

गुरुजींनी सगळं सांगितलं. जीप, फोन, चिखलातलं कुलूप, सही. खिशातली चावीही सांगितली. आवाज चढला नाही, उतरला नाही. वर्गात हजेरी घेतल्यासारखे ते सांगत गेले. चंद्राने तोंडाला पदर लावला.

"चावी तुमच्या खिशात व्हती," गुणाबाई म्हणाली.

"हो."

"आन तो ठोकत व्हता."

"हो."

"किती येळ?"

"मला सांगता येत नाही."

गुणाबाईने हात पुढे केला. हेमालीने पुस्तक तिच्या हातात दिलं. "ह्ये मी नेते," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पोलिसांकडे निघाले. राघोला सोबत चल म्हणाले. राघो उंबऱ्यातच थांबला. "मेलेली माणसं परत येणार आहेत का? पोटचा पोरगा आहे तुझा," तो म्हणाला. गुरुजी एकटे गेले. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, या वयात असं होतं म्हणाले आणि परत पाठवलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा हेमाली त्यांच्याबरोबर गेली. तिने पर्समधून जुन्या फडक्यात गुंडाळलेलं कुलूप काढलं आणि टेबलावर ठेवलं. भाविकच्या कपाटात तिला ते सापडलं होतं. एका बाजूने काळं झालेलं होतं. मग जबाब लिहून घेतला गेला.

त्याच आठवड्यात हेमाली माहेरी गेली, ती परत आली नाही. भाविकला अटक झाली आणि अठरा दिवसांनी जामीन. आरोपींत गुरुजींचंही नाव आलं. त्यांनी वकील केला नाही. भाविक वरच्या मजल्यावर राहायला लागला. जिन्यात बाप दिसला तर तो जाईपर्यंत थांबायचा. नात्यातल्या लग्नांची बोलावणी बंद झाली. चंद्रा रस्त्यात भेटली की मान हलवायची. ओटीवर कुणी बसेनासं झालं.

तारखा पडत राहिल्या. गुणाबाई पहिल्या दोन तारखांना आली, नंतर नाही. ती गावी गेली, असं कळलं.

२००९च्या हिवाळ्यात गुरुजी एसटीने अंबाडीला उतरले आणि विचारत विचारत दीड तास चालून तिच्या घरी पोचले. ती अंगणात वाल सोलत होती. त्यांना पाहून उठली, आत गेली आणि तांब्या घेऊन आली. बसा म्हणाली नाही. गुरुजी उभ्यानेच पाणी प्यायले.

"केस अजून उभी राहिली नाही," ते म्हणाले. "राहिली की मी सगळं सांगणार आहे."

"सांगा."

मग त्यांनी विचारलं, "पुस्तक वाचून दाखवू का? दर महिन्याला येईन मी."

"नको, गुरुजी. शेजारची निशा वाचते. शाळंतून आली की दोन पानं. त्याचं लिवलेलं पन वाचते." तिने रिकामा तांब्या त्यांच्या हातातून घेतला. "तुमी म्हातारे मानूस, येवढ्या लांब आलात. आता परत येऊ नका."

गुरुजींनी मान हलवली. वाल सोलण्याचा आवाज पाठीमागे पुन्हा सुरू झाला. एसटी चुकू नये म्हणून ते भराभर चालायला लागले.