बटाट्यात भाजलेला डॉलर

मी एक जुना चांदीचा डॉलर आहे. मित्रांनो, आपली कहाणी सांगताना जुन्या वस्तू सहसा गोड बोलतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. माझ्यावर अन्याय झाला आहे आणि आज मी तो बोलून दाखवणार आहे.

माझा जन्म नेवाडातल्या कार्सन सिटीच्या टांकसाळीत झाला. एका बाजूला केसांत ओंब्या माळलेली बाई, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेला गरुड. साच्यातून निघालो तेव्हा बघणाऱ्याचे डोळे दिपत होते. वाटले, आता जग बघायचे. माझ्याबरोबरचे कितीतरी डॉलर खरोखरच बाहेर पडले. ते खाणकामगारांच्या पगारात गेले, त्यांच्या बदल्यात पाव आले, बूट आले, काही जुगारात उडाले, काही लग्नात नवरीच्या हातात पडले. मला मात्र भावंडांसकट कापडी पिशवीत कोंबून सरकारी तिजोरीत टाकले. तिथे मी माणसाच्या आयुष्याएवढा काळ नुसता पडून राहिलो. आणि गंमत बघा, याच आळशीपणाबद्दल लोक मला ‘उच्च प्रतीचा’ म्हणतात. राबून राबून झिजलेल्या माझ्या भावांना मात्र ‘घासलेला माल’ म्हणून बाजूला सारतात. हा न्याय मला कधीच पटला नाही.

पिशवीत माझी एक बाजू कापडाला टेकलेली होती. त्या कापडाचा परिणाम होत होत बाईच्या गालावर हळूहळू रंग चढला. कडेला जांभळा, मग तांबूस, नाकापाशी फिकट सोनेरी. माझी आयुष्यभराची कमाई म्हणाल तर तेवढीच.

पुढे तिजोरी रिकामी झाली आणि फिरत फिरत मी मोंटानातल्या ब्यूट गावी ऑर्विल पेनरोजच्या घरी आलो. ऑर्विल तांब्याच्या खाणीत माणसांना उतरवणारा पाळणा वरखाली करणाऱ्या यंत्रावर कामाला होता. चांदीचे डॉलर जमवणे हे त्याचे वेड. प्रत्येक सालाचा एक, आणि तोही न वापरलेला. त्याच्या अल्बममध्ये प्रत्येक सालासाठी एक गोल खाच होती. शेवटची रिकामी खाच माझी होती.

दर रविवारी खिमा-बटाट्याच्या पास्ट्या, म्हणजे भाजलेल्या मोठ्या करंज्या, खाऊन झाल्या की तो साबणाने हात धुवायचा, टेबलावर मऊ कापड अंथरायचा आणि आम्हाला एकेक करून बाहेर काढायचा. त्याची बायको थेल्मा शेजारी खुर्ची ओढून बसायची. नियम कडक होते. नाणे फक्त कडेला धरायचे. उघड्या नाण्यावर वाकून बोलायचे नाही, कारण थुंकीचा बारीकसा थेंब उडाला तरी चांदीवर कायमचा डाग पडतो. थेल्मा बोलकी बाई. तिला तोंड मिटून बसणे म्हणजे शिक्षाच होती. तरी ती बसायची, आणि सांगायला मला अभिमान वाटतो, ती माझ्यासाठी बसायची. माझी पाळी आली की मान बाजूला वळवून म्हणायची, “हिच्या गालावर संध्याकाळ उतरलीय बघ.” ऑर्विल हसायचा, तोही मान वळवूनच.

गावातले नाणेवेडे महिन्यातून एकदा चर्चच्या तळघरात जमत. त्यांचा म्होरक्या वेंडेल रास्क. वर्षाच्या शेवटी सर्वांत चांगल्या संग्रहाला निळी फीत मिळे आणि ती कुणाला द्यायची ते वेंडेल ठरवी. तेव्हा पांढऱ्याशुभ्र नाण्यांचे दिवस होते. त्याने मला उचलले आणि नाक मुरडले.

“बाकी सगळे दुधासारखे, अन् मधेच हा विटका. औषधात बुडवून काढ याला, नाहीतर फीत विसर.”

विटका! मला तळपाय असते तर त्यांची आग मस्तकात गेली असती. आणि ऑर्विलने काय करावे? इतकी वर्षे हात धुऊन मला शिवणाऱ्या त्या माणसाने सडक्या अंड्यांसारखा वास येणाऱ्या औषधात मला बुडवले. पिशवीतल्या अंधारात जमवलेले सगळे रंग बघता बघता धुऊन गेले. फीत मिळाली. ऑर्विलने ती भिंतीवर लावली.

पुढच्या रविवारी थेल्मा खुर्ची ओढून बसली. माझी पाळी आली. तिने खूप वेळ पाहिले, मग नियमाप्रमाणे मान वळवली.

“तू तिचं तोंड पुसून टाकलंस. मला एकदा विचारायचं तरी.”

ऑर्विल म्हणाला, पण फीत मिळाली ना.

“मग बस त्या फितीजवळ,” ती म्हणाली आणि आपली खुर्ची उचलून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

त्यानंतर रविवारी ती तिकडे बहिणीशी फोनवर मोठमोठ्याने बोलत बसे आणि इकडे ऑर्विल एकटा आमच्याकडे बघत बसे. शेजारी बोलणारे कुणी नव्हते, तरी तो मान वळवून खोकायचा. मला त्याची कीव यायची आणि लगेच पुन्हा रागही यायचा. एका फितीसाठी या माणसाने मला विकले आणि बायकोची सोबतही घालवली.

वर्षे गेली. दोघांचे केस पिकले. आणि मित्रांनो, आवड बदलली! आता रंगीत डॉलर हवेत म्हणून लोक भांडू लागले. त्याच वेंडेलने स्वतः एक जांभळट डॉलर मिरवत आणला आणि पांढऱ्यांना ‘धुतलेले, निर्जीव’ म्हणाला. कुणी धुवायला लावले होते, हे त्याला कोणीही विचारले नाही. मला तोंड असते तर मी विचारले असते.

ऑर्विलने फक्त एवढेच विचारले की गेलेला रंग परत येतो का. तेव्हा कुणीतरी हसत हसत लबाडांची युक्ती सांगितली. नाणे बटाट्यात खुपसायचे आणि मंद भट्टीत भाजायचे. ऑर्विलला मला विकायचे नव्हते, फसवायचेही कुणाला नव्हते. त्याला ती खुर्ची परत हवी होती. पण म्हणून बटाटा? एवढी वर्षे तिजोरीत काढली ती काय भाजी व्हायला?

थेल्मा बाजारात गेली तेव्हा त्याने मला बटाट्यात खुपसून भट्टीत ठेवले, पण ती लवकर परत आली. तिने भट्टी उघडली.

“दोघांना जेवायला एवढा एकच बटाटा?”

तिने सुरी घातली, ती माझ्यावर अडली. मी बाहेर आलो तो हिरवानिळा, मधेच पिवळा ओघळ, बाईच्या नाकात बटाटा. एवढी अब्रू कुठल्याही डॉलरची गेली नसेल. थेल्माने मला उघड्या बोटांनी उचलले, सरळ चेहऱ्यावर अंगठा ठेवून. ऑर्विलने सवयीने मान वळवली.

“इकडे बघून बोल,” ती म्हणाली.

तो माझ्यावर वाकला. “तुझी संध्याकाळ परत आणायची होती. तुझी खुर्ची...”

“ही संध्याकाळ? ही तर सर्कशीत निघालीय.” ती हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. मग तिने स्वयंपाकघरातली खुर्ची उचलली आणि टेबलाशी आणून ठेवली. त्या दुपारी दोघे मला मधे ठेवून बोलत राहिले, तोंडात पास्टीचा घास असतानासुद्धा. इतक्या वर्षांचे साठलेले बोलणे ते, थुंकी उडायचीच.

वेंडेलने मला पाहून एकच शब्द उच्चारला, ‘बाद’. ऑर्विलने मला पुन्हा माझ्याच खाचेत बसवले.

मित्रांनो, नाणी जरूर जमवा. कडेला धरा, कोरड्या जागी ठेवा. पण कुणी सांगितले म्हणून आम्हाला धुऊ नका, रंगवू नका, आणि भाजू तर मुळीच नका. बाईच्या गालावर आता बारीक काळे ठिपके पडले आहेत, काही ऑर्विलच्या बोलण्याचे, बरेचसे थेल्माच्या. ते काढून टाकणारे औषध घेऊन कुणी आलेच, तर त्याला माझ्याजवळ फिरकू देऊ नका.