कागदफुलाचं पाणी

आई गेली तेव्हा कुंडीतली रोपं जेमतेम बोटभर झाली होती. पिवळ्या कागदफुलाची रोपं. हे फूल ताजं असतानाच त्याच्या पाकळ्या कागदासारख्या कुरकुरीत लागतात, आणि खुडून वर्ष झालं तरी रंग उडत नाही. वडगावच्या त्या घरातला हातमाग केव्हाच थांबला होता. त्याच्या आडव्या लाकडाला आई फुलांच्या जुड्या उलट्या टांगून वाळवायची. हळदीकुंकवाला आलेल्या बायका विचारायच्या, "कुठनं आणलीस गं सोनाबाई?" आई म्हणायची, "आणायची कशाला? हितंच वाळत्यात, माझ्यासारखी."

मंजुश्रीला सगळं तिच्याकडूनच कळलं होतं. बी मातीत पुरायचं नाही, वर नुसतं भुरभुरायचं. त्याला उजेड लागतो. मातीत निम्मी वाळू हवी. रोपाचा शेंडा एकदा खुडला की फांद्या फुटतात. वाळवायची फुलं पुरती उमलायच्या आधी कापायची, बियांसाठी दोन-चार झाडावरच पिकू द्यायची. आणि पाणी बेतानं. बोट खुपसून बघायचं, आत ओल लागली तर थेंबही नाही. यंदा घरात होतं नव्हतं ते सगळं बी आईनं या एका कुंडीत टाकलं होतं. टांगलेल्या जुड्या अर्ध्या मिटलेल्या फुलांच्या, त्यांत बी धरलंच नव्हतं.

दिवसकार्य उरकलं, पाहुणे गेले. वडील, सुबराव, आंघोळ झाली की तुळशीला पाणी घालू लागले. आजवर त्यांनी कधी तांब्या उचलला नव्हता. तुळशीचं झालं की दुसरा तांब्या भरून कागदफुलाला.

"आप्पा, त्याला रोज नको पाणी."

"असू दे गं. त्येला काय तहान न्हाय व्हय?"

मंजुश्रीनं कुंडी गच्चीवर नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात धाप ऐकू आली. दुखऱ्या गुडघ्यानिशी आप्पा भिंत धरून चढत होते, एका हातात भरलेला तांब्या.

"म्हाताऱ्यापास्नं लपवतीस व्हय गं?" ते हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

संध्याकाळी तिनं कुंडी पुन्हा तुळशीशेजारी आणून ठेवली. खाली विटा लावल्या, बुडाची भोकं खिळ्यानं मोठी केली. तरी माती सुकेना. खालची पानं पिवळी पडली, बुंध्याशी काळं दिसू लागलं. फुलायच्या आधीच रोपं गेली तर बी संपलं. आता स्पष्ट सांगायचंच, असं ठरवून ती एके दिवशी कॉलेजातून घरी आली. आप्पा कुंडीपाशी बसले होते.

"शेवटी लई पाणी पाणी करत होती गं," तिच्याकडं न बघता ते म्हणाले. "किडनी चालंना, घोटभरच द्या म्हणाले डॉक्टर. तिनं माझा हात धरला, तरी घोटभरच दिलं. लई ऐकलं मी डॉक्टरचं."

डॉक्टरांचं बरोबर होतं, हे मंजुश्रीला माहीत होतं. आप्पांनाही माहीत होतं. तिनं खांद्यावरची पिशवी उतरवली.

"चहा ठेवू का आप्पा?"

"ठेव."

त्यानंतर तिनं विषय काढला नाही. सकाळी आतून तांब्याचा आवाज आला की ती वाचत असलेल्या पानावर थांबायची.

एकेक रोप कोलमडलं. शेवटच्या रोपाला संक्रांतीच्या सुमाराला एक कळी आली, टोकाशी जरा पिवळी झाली आणि मान टाकून तशीच राहिली. आप्पांनी ते रोप हलक्या हातानं ओढलं. मुळांनी काहीच धरलेलं नव्हतं. कुजका वास आला. रोप हातात घेऊन ते उभे राहिले.

"मंजू, पाणी कमी पडलं काय गं त्येला?"

"न्हाय आप्पा," ती म्हणाली. "पोटभर घातलंत तुमी."

सुबराव सावकाश पायरीवर बसले.

"मग बरं," ते म्हणाले.