ठीक दिसते

साहेबांनी टेबलावर नकाशा उलगडला आणि तो पुन्हा गुंडाळला जाऊ नये म्हणून त्याच्या कोपऱ्यांवर हाताला लागेल ते ठेवलं. एकावर पंचिंग मशीन, दुसऱ्यावर चहाचा कप, तिसऱ्यावर स्टॅम्पपॅड. चौथ्या कोपऱ्यासाठी काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी चाककाकांचा हात धरून तिथे ठेवला.

"उद्या सकाळी नऊला निधीवाले येतायत," साहेब म्हणाले. "आपण इकडून निघायचं, दवाखान्यातल्या नर्स तिकडून येतील. पुलाच्या मधोमध भेटायचं, फोटो काढायचा. झालं."

चाककाकांचा तळवा नकाशावर घामेजला. हात उचलला तर कागदावर ओला ठसा उमटलेला दिसेल, या धास्तीनं त्यांनी तो तसाच दाबून धरला.

चाककाका पालिकेत मोजणीदार होते. काठीला लावलेलं एक पिवळं चाक ढकलत ते गावभर फिरत, दर मीटरला चाक 'टक्' वाजे, आणि काका ओठातल्या ओठात आकडा म्हणत. चौतीस वर्षं हेच चाललं होतं. निवृत्तीला चार महिने उरले होते आणि त्यांचं खरं नाव आता फक्त पगारपत्रकात शिल्लक होतं.

उद्याचा पूल जुन्या रेल्वेचा. रेल्वे केव्हाच बंद पडली होती, रूळही उचलून नेले होते. उरलेल्या मातीच्या बांधावर पालिकेनं चालायला आणि सायकलींना एक छान वाट केली होती. पण ती जुन्या गोदामापाशी येऊन अर्ध्यावरच संपायची. तीच अडीच किलोमीटर पुढे नेली, की नदीवरचा लोखंडी पूल ओलांडून थेट मोठ्या दवाखान्याच्या मागच्या फाटकाशी निघता येणार होतं. त्यासाठी सरकारी निधी मागून मागून पालिका थकली होती. तीन वेळा अर्ज परत आला. चौथ्या वेळी मंजूर झाला तेव्हा साहेबांनी ऑफिसात पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली, कारण साहेब मुळातच हात आखडता ठेवणारे.

काकांना ती बिस्किटंही गिळवली नव्हती. त्यांची एकुलती एक लेक त्याच दवाखान्यात नर्स होती. आज ना बांधावरून वाट, ना रस्त्याला फूटपाथ. ती रोज हायवेच्या कडेकडेनं दोन किलोमीटर चालत जायची. ट्रक इतके अंगाला घासून जायचे की ओढणीला गाठ मारूनच निघावं लागे. गेल्या वर्षी तिच्या वॉर्डातली एक मदतनीस बाई त्याच रस्त्यावर ट्रकखाली गेली. तेव्हापासून लेक दवाखान्यात शिरली की बापाला फोनवर एक शब्द पाठवायची: 'पोचले.' तो येईपर्यंत काकांच्या घशाखाली चहा उतरत नसे. वाट वाढवून मिळावी म्हणून सगळ्या नर्सच्या सह्याही तिनंच गोळा केल्या होत्या.

आता घोटाळा कुठे झाला तो सांगायला हवा.

काकांना ज्या म्हाताऱ्या मोजणीदारानं हाताखाली घेतलं होतं, त्यानं पहिल्याच दिवशी एक धडा दिला होता. शेऱ्याच्या रकान्यात 'ठीक आहे' लिहायचं ते स्वतः पाय ठेवला असेल तरच. नुसतं लांबून पाहिलं असेल तर 'ठीक दिसते'. पुढे ऑफिसची ती रीतच पडली. 'गटार ठीक दिसते' असा शेरा आला की साहेब काही न बोलता दुसऱ्या माणसाला पुन्हा पाठवत. त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

पण काकांच्या वहीतला एकूण एक पूल 'दिसते' होता, हे मात्र कुणी कधी पडताळून पाहिलं नव्हतं. काकांना उंचीची भीती वाटायची. साधीसुधी नाही. पायाखालच्या फटीतून पाणी दिसलं की त्यांच्या गुडघ्यांतलं बळच जायचं. दोन्ही काठांवरून मोजायचं, मधली लांबी जुन्या आराखड्यातून उतरवायची, असं त्यांनी जन्मभर निभावून नेलं होतं. बायकोलाही ठाऊक नव्हतं. अर्जासाठी ते या पुलावर गेले तेव्हाही तीन पावलं टाकून खाली बसले आणि बसल्या बसल्याच मागे सरकत काठावर आले. वहीत लिहिलं, 'पूल: ठीक दिसते.'

यंदा अर्ज मात्र कॉम्प्युटरवर भरायचा होता. मुदत त्या दिवशी पाच वाजेपर्यंत. पावणेपाचला काका बसस्टॉपवर उभे असताना टायपिस्ट बाईचा फोन आला.

"काका, पूल वापरण्यायोग्य असं विचारलंय. त्यात 'आहे' आणि 'नाही' एवढे दोनच आहेत. 'दिसते' घेतच नाही. काय टाकू?"

'नाही' टाकलं तर चौथा अर्जही परत येणार, असं काकांना वाटलं. समोरून एक ट्रक गेला आणि त्यांच्या टोपीला वारा लागला.

"टाक, 'आहे'," ते म्हणाले.

कुणीतरी तपासायला येईलच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण 'आहे' म्हटलेला पूल कोण तपासतो? मंजूर झालेल्या कामात पुलासाठी नव्या फळ्या होत्या, कठडा होता, रंग होता. तपासणी नव्हतीच.

आज साहेबांसमोर उभं असताना सगळं सांगून टाकावं असं काकांच्या मनात आलं. 'साहेब, पूल एकदा बघून घेतला असता तर,' इथपर्यंत त्यांनी तोंड उघडलंही. साहेब नकाशावरून मानही वर न करता म्हणाले, "काका, तुमच्या 'आहे'वर मी डोळे झाकून सही करतो. आणखी काय बघायचं?"

काका हसले. ते हसू त्यांना घरापर्यंत तोंडावरून काढता आलं नाही.

घरी लेक दुसऱ्या दिवशीच्या गणवेशाला इस्त्री करत होती. रात्रपाळी संपवून मुली थेट पुलावर येणार होत्या आणि सगळ्यांनी मिळून तिला पुढे केलं होतं. पुलावर पहिलं पाऊल तिचं. तिनं हे तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बायको कौतुकानं म्हणाली की मग केस जरा नीट बांध.

"तू मागे राहा," ते म्हणाले.

"का?"

"अगं, पुढे गर्दी असते."

"बाबा, पुढे मी एकटी असणार. गर्दी मागे." ती हसली आणि ड्यूटीवर निघून गेली. पाऊण तासानं फोन वाजला. 'पोचले.' आज काकांना त्या शब्दानंही बरं वाटलं नाही.

सकाळी लवकर, साडेसहाला, काका चाक, वही आणि छोटी हातोडी घेऊन बाहेर पडले. खडूनं खुणा करायच्यात, असं बायकोला सांगितलं. त्यांचा हिशोब सोपा होता. अख्ख्या पुलावर एकदा पाय ठेवला की 'आहे' खरं होईल. उशिरा का होईना, खरं होईल. मग कुणाला काही सांगायची वेळच येणार नाही.

पुलावर पहिला पाय टाकताच त्यांच्या मानेवर घाम आला. जुन्या लाकडी फळ्या अधूनमधून गळून गेल्या होत्या आणि खाली नदी सरकताना दिसत होती. टक्. टक्. अकराव्या मीटरला चाक फटीत अडकलं. ते सोडवायला वाकले आणि पाणी एकदम वर आल्यासारखं वाटलं. काकांनी डोळे मिटले, दोन्ही हात टेकले, आणि चाक तिथेच सोडून रांगत पुढे निघाले. चौतीस वर्षांच्या नोकरीत गुडघ्यांनी मोजणी करायची ही पहिलीच वेळ. मधेच एकदा मोठ्यानं आईला हाक मारली. ऐकायला कुणी नव्हतं, ते बरं झालं.

दर चार हात अंतरावर ते हातोडीनं तुळईवर ठोकत. लोखंड खणखणीत वाजे. पहिला खांब गेला, दुसरा गेला, आणि काकांना वाटलं, सुटलो. शेवटच्या टोकाला, तुळई जिथे पलीकडच्या काठावरच्या दगडांवर टेकली होती, तिथे ते पोटावर आडवे झाले आणि हात लांब करून ठोकलं. आवाज आला 'बद'. पुन्हा ठोकलं तर गंजाचा पापुद्रा सुटला, खाली दुसरा, त्याखाली तिसरा. जुन्या पत्र्याच्या डब्याचं बूड निघावं तसं. काकांनी कानावरची पेन्सिल काढून तिथे टेकवली. ती आरपार गेली.

ते तसेच पडून राहिले. किती वेळ, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग पलीकडून बायकांचा हसण्याबोलण्याचा आवाज आला. रात्रपाळी लवकर आटोपून नर्स मंडळी वेळेआधीच निघाली होती. सगळ्यांच्या पुढे इस्त्रीच्या गणवेशात लेक. काकांनी मान वर केली तेव्हा तिनं पुलावर पाऊल ठेवलं होतं, आणि काकांच्या तळव्यांखालचं लोखंड थरथरलं.

"थांब. पाय मागे घे."

ती दचकली. पाच-सहा फुटांवर बाप पोटावर आडवा पडला होता. कपडे गंजानं लाल, हातात पेन्सिल. "बाबा? तुम्ही इथे काय करताय?"

"पूल ठीक नाही. पाय मागे घे आधी."

तिनं पाय मागे घेतला आणि दोन्ही हात पसरून मागच्या मुलींना अडवलं. मग हळू आवाजात विचारलं, "तुम्हीच लिहिलं होतं ना, 'आहे' म्हणून?"

"मी पाय ठेवला नव्हता," काका म्हणाले.

लेक त्यांच्या वहीतल्या 'आहे' आणि 'दिसते'चा अर्थ जाणून होती. लहानपणी त्याच वह्यांच्या कोऱ्या पानांवर तिनं चित्रं काढली होती. तिला आणखी काही विचारावं लागलं नाही.

जवळचा काठ तिचाच, पण मधे तेच कुजकं टोक होतं. काकांना अख्खा पूल परत यावं लागलं. वळायचं धाडस होईना, म्हणून ते उलटे, पाय आधी, रांगत निघाले. अलीकडच्या काठावर एव्हाना साहेब, निधीवाल्या बाई आणि कॅमेरा धरलेला एक माणूस येऊन उभे होते. पालिकेचा एक ज्येष्ठ कर्मचारी त्यांच्याकडे पाठ करून येताना सगळ्यांना दिसत होता. कुणीतरी हसलं. अकराव्या मीटरला काकांनी चाक सोडवून घेतलं. काठावर आल्यावर उभं राहता येईना, म्हणून बसूनच त्यांनी पेन्सिल पुढे केली आणि ती कुठून कुठे गेली ते सांगितलं. साहेबांनी वही मागितली, ते पान काढलं आणि 'दिसते' या शब्दावर बोट ठेवलं.

निधीवाल्या बाई चांगल्या होत्या; बोलल्या ते नियमानं. वाट पुलाच्या अलीकडपर्यंत होऊ शकेल. पुलाची तपासणी करून दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज करावा लागेल, पुढच्या वर्षी. काकांना कारणे दाखवा नोटीस आली. त्यांनी एका ओळीत उत्तर दिलं: पुलावर पाय ठेवला नव्हता. निरोप समारंभ झाला, पण साहेबांना नेमकी त्याच दिवशी मीटिंग निघाली.

हे सगळं काकांनी सोसलं. लेकीचं एक वाक्य मात्र त्यांना सोसवलं नाही. पुलाच्या त्या दिवशी संध्याकाळी, त्यांच्या सोललेल्या गुडघ्यांना औषध लावताना, ती मान खाली घालून म्हणाली, "बाबा, तेव्हाच 'नाही' लिहिलं असतंत, तर तपासणीचेही पैसे मागता आले असते. मुलींनी निधीवाल्या बाईंना विचारून घेतलं आज. यंदा पूल झाला असता."

काका "हो" म्हणाले. त्यांनी भीतीपोटी टाकलेल्या एका शब्दानं लेकीला आणखी एक वर्ष ट्रकच्या रस्त्यावर ठेवलं होतं.

वाट वाढली. नदीशी येऊन थांबली. तिथे आता फाटक आहे, आणि लोक चालत येऊन त्याला हात लावून परत फिरतात. निवृत्त झाल्यावरही काका तिकडे कधी गेले नाहीत. ड्यूटीच्या वेळी ते लेकीबरोबर हायवेनं निघतात. पहिले काही दिवस तिनं विरोध केला, मग सोडून दिला. ट्रकच्या बाजूला काका, आत लेक. प्रत्येक ट्रकला गुडघ्यांतलं बळ जातं, अगदी पुलावर गेलं होतं तसंच, पण बाजू ते बदलत नाहीत. दवाखान्याच्या फाटकात ती वळून म्हणते, "घरी पोचलात की कळवा."

आज परत तोच रस्ता एकट्यानं चालून काका घरी आले. पायरीवर बसून बूट काढले आणि फोन घेतला. एका बोटानं लिहिलं, 'पोचलो. ठीक'. पुढचा शब्द फोननं स्वतःच सुचवला: 'आहे'.

येताना प्रत्येक ट्रकला ते थांबले होते. काकांनी 'ठीक' पुसलं, आणि 'पोचलो' एवढंच पाठवलं.