आल्हादचा वड

उज्जैनच्या नानाखेडा बस स्टँडकडून कॉलनीत वळलं की फाटकाशी पूर्वी एक कडुनिंब होता. रस्ता रुंद करताना तो कापला. पुढच्या नवतप्यात, उन्हाळ्यातल्या सगळ्यांत कडक नऊ दिवसांत, बंद पडलेली स्कूटर ढकलत आल्हाद तिथवर आला आणि तिथेच त्याला लू लागली. घर फाटकाला लागूनच, पण तेवढंही चालवलं नाही त्याला. चौघांनी उचलून आणला तेव्हा अंग तव्यासारखं तापलेलं. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याची आई, अहल्याबाई, लोकांसमोर रडल्या नाहीत. त्यांच्या सासरच्या पूर्वजांनी शिंद्यांच्या दरबारात चिटणिशी केली होती, आणि चौथीत शाळा सुटलेल्या अहल्याबाईंनी ती अजून सोडली नव्हती. फक्त कागदाऐवजी जिभेने चालवत. तेरावा झाल्यावर त्यांनी जाहीर केलं, त्या जागी आल्हादच्या नावाचं झाड लागेल, आणि ते वडाचं लागेल.

आल्हादची बायको भार्गवी उन्हेलकडच्या एका खेड्यात शाळेवर होती. गावातल्या लोकांना घेऊन तिने शाळेच्या आवारात झाडं लावली होती, जगवली होती. ती म्हणाली, "आई, इथे करंज लावू. वर विजेची तार आहे, खाली नळाची लाइन. करंज आवाक्यात राहतो. ऐन उन्हाळ्यात त्याला नवी पालवी येते, नवतप्यात सावली गर्द मिळते."

"करंज. दिव्यात तेल घालायचं झाड. ते माझ्या लेकाच्या नावाला?"

"मग कडुनिंब."

"तो होताच की. एका सकाळी आरी घेऊन आले नि नेला. वडाला आरी लावायची छाती आहे कोणाची?"

"वडाला पसरायला रान लागतं, आई. आमच्या शाळेमागे तळ्याची पाळ आहे, मोकळी. तिथे लावू या."

"तिथे तुझ्या गावच्या म्हशी बसतील त्याच्याखाली. आल्हाद इथे पडला. झाड इथेच लागेल."

लागलं. पाच सुवासिनींनी माती लोटली. भार्गवी पाण्याची बादली घेऊन मागे उभी राहिली. झाडाला माती लोटायचा मान तिला नव्हता. पाणी घालायचा मात्र होता, आणि तो तिच्याकडून कोणी मागून घेतला नाही. रोज शाळेत जायच्या आधी ती दोन बादल्या घाली. गुरं तोंड घालू नयेत म्हणून काटेरी तार बांधली तीही तिनेच. अहल्याबाईंनी आल्हादच्या नावाची संगमरवरी पाटी करून बसवली.

तिसऱ्या उन्हाळ्यात वड माणसाच्या डोक्यावर गेला, खोड मनगटाएवढं झालं. अहल्याबाई खुर्ची टाकून फाटकाशी बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सावली दाखवत. सावली म्हणजे एका माणसाची, तीही उभ्याने. पण त्यांना ती पुरत होती.

जेठ लागला तशा एका दुपारी त्या शेजारच्या तिवारी भाभींना म्हणाल्या, "कशाला वटसावित्रीला सिद्धवटाच्या गर्दीत मरायला जाता? दारात वड आहे, इथेच पूजा करा."

भाभी खूश. "सही कहा अम्माजी. वहाँ तो पैर रखने की जगह नहीं रहती."

उज्जैनात वटसावित्री दोनदा होते. हिंदी बोलणाऱ्या बायकांची अमावस्येला, मराठी बायकांची पौर्णिमेला. मोठ्या वडाला दोन्ही पेलतात. हा तर पोर होता. अमावस्येला काटेरी तार सोडून बाजूला टाकली आणि कॉलनीतल्या झाडून सगळ्या भाभ्या त्याच्याभोवती फिरल्या. सूत म्हणायचं ते आता सूतही राहिलेलं नाही. बाजारात नायलॉनच्या दोऱ्याची लालपिवळी रिळं मिळतात. स्वस्त, चमकदार, पावसात सडत नाहीत.

संध्याकाळी भार्गवी कात्री घेऊन आली. "हे कापून टाकते, आई. पावसाळ्यात खोड भरतं. गळा आवळला जाईल त्याचा."

"ठेव ती कात्री."

"नायलॉन आहे ते."

"सुवासिनींनी नवऱ्याच्या आयुष्यासाठी बांधलंय ते. तुझं तुटलं म्हणून सगळ्यांचं तोडायचं का?"

भार्गवीने कात्री फाटकाच्या खांबावर ठेवली आणि घरात गेली. त्यानंतर तिने वडाबद्दल तोंड उघडलं नाही. अहल्याबाईंनाही आपलं बोलणं मागे घ्यायची सवय नव्हती.

पौर्णिमेला मराठी बायका आल्या. समोरच्या मधुराने सासूला चालवत नाही म्हणून घरच्या पूजेसाठी एक फांदी मोडून नेली. तिचं बघून आणखी दोघींनी नेली. अहल्याबाईंचे यजमान यज्ञेश्वरराव अर्धांगाने अंथरुणाला खिळलेले. त्यांच्यासाठी त्यांनी सात फेरे पुरे केले आणि गुडघे धरत वाकून दोऱ्याची गाठ मारली. घट्ट, दोनदा ओढून.

पाऊस आला. उरलेल्या फांद्यांना पानं फुटली. श्रावणात एका सकाळी अहल्याबाईंनी खोडावरून हात फिरवला तेव्हा दोरे हाताला लागेनात. साल त्यांच्यावर चढली होती. दोऱ्यांच्या वरचं खोड सुजलेल्या पायासारखं फुगलेलं, आणि शेंड्याची पानं पिवळी.

त्यांनी मधुराला हाक मारली. "मधुरा, जरा कात्री चालव गं इथे. मला वाकवत नाही."

मधुराने पाहिलं आणि पदर सावरला. "काकू, ह्यात माझाही दोरा आहे. माझ्या हाताने कसा तोडू? आमच्या ह्यांना गेल्या महिन्यातच स्टेंट बसलाय."

"मग तुझा सोडून बाकीचे काप."

"कुठला कुणाचा, कळतंय का आता?"

तिवारी भाभींनी तर ऐकून कानांना हात लावले. सवाष्ण तोडणार नाही, आणि जी तोडायला आली होती तिला अहल्याबाईंनीच परत पाठवलेली. राहिल्या त्या स्वतः. खांबावरच्या कात्रीला गंज चढला होता. ती घेऊन त्या वडाशी गेल्या, टोक सालीत खुपसलं. तेवढ्यात खिडकीतून यज्ञेश्वररावांना ठसका लागलेला ऐकू आला. लांबलचक, घशात अडकलेला. कात्रीच्या पात्यात कोणाचा दोरा होता कोण जाणे. एक जीव गेलेलाच होता. दुसरा जीव आत अंथरुणावर होता. अहल्याबाईंनी कात्री काढून घेतली, खांबावर ठेवली आणि त्यांना पाणी पाजायला आत गेल्या.

भादव्यात एका दुपारी वारा सुटला. फार नाही, वाळत घातलेले कपडे उडावेत एवढाच. वड बरोबर दोऱ्यांवर मोडला, काकडी मोडावी तसा, आणि आडवा पडला तो आल्हादच्या पाटीवर.

भार्गवी शाळेतून आली. स्कूटी उभी केली, बघितलं. घरातून कोयता आणि ओलं गोणपाट आणलं. पडलेल्या झाडाची एकच फांदी अजून हिरवी होती. ती तिने कापली, गोणपाटात गुंडाळली आणि स्कूटीच्या मागे बांधली.

"कुठे नेतेस?" अहल्याबाईंनी विचारलं.

"शाळेमागे. वड फांदीने लागतो."

"थांब, मी येते. चप्पल घालते."

"रस्ता खराब आहे, आई. बाबांच्या औषधाची वेळ झालीय."

अहल्याबाई फाटक धरून उभ्या राहिल्या. "पाटी तरी ने."

"राहू द्या इथेच. तुम्ही हौसेने बसवली आहे."

"आणि इथे काय लावायचं?"

"करंज लावा," भार्गवी हेल्मेट घालत म्हणाली. "त्याला कोणी पुजत नाही."

स्कूटी बस स्टँडकडे वळली. मागे बांधलेली पानं थोडा वेळ दिसली.

अहल्याबाईंनी खांबावरची कात्री घेतली आणि बुंध्याशी खाली बसल्या. सालीत बोट घालून एकेक दोरा वर काढायचा आणि कापायचा. लाल, पिवळा, परत लाल. स्वतःची गाठ त्यांनी शोधून पाहिली, ती ओळखू आली नाही. आतून यज्ञेश्वररावांचा ठसका ऐकू आला. त्या थांबल्या, तो शमेपर्यंत ऐकत राहिल्या, आणि त्यांनी पुढचा दोरा कापला.