दारावरची 'स्वानंद' पाटी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पाटी आहे. माझ्या अंगावर एकच शब्द कोरलेला आहे, स्वानंद. विनयाताईंच्या लग्नात साताऱ्याच्या एका सुताराने मला घडवले. मी तशी चाळीस वर्षांची, पण माझा शब्द कित्येक शतकांचा. संतांनी तो ओव्यांमध्ये घातला, कीर्तनकारांनी गावोगाव नेला. गणपतीच्या लोकालाही स्वानंदलोक म्हणतात. घरांच्या दारांवर तो अलीकडेच आला.

विनयाताईंचे यजमान चंद्रकांतराव बँकेत होते. दर बदलीला मी जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेतून निघायची. क्वार्टरच्या दारावर फक्त नंबर, म्हणून ताई मला स्वयंपाकघराच्या चौकटीवर लावायच्या. दिवाळीला तेलाचा हात फिरवायच्या. फार लाड झाले माझे.

२००३ साली जयपूरला मानसरोवर वसाहतीत स्वतःचे घर झाले. आता दार माझेच, असे मी धरून चालले होते. पण चंद्रकांतरावांना नुकतीच बढती मिळाली होती. त्यांनी पांढऱ्या संगमरवरावर नाव आणि खाली 'मुख्य प्रबंधक' असे कोरून घेतले. मी माळ्यावर गेले. राग आला, खोटे कशाला बोलू?

चार वर्षांनी ते निवृत्त झाले. दगडावरचे पद पुसणार कसे? कारागीर म्हणाला, "साहब, आगे 'सेवानिवृत्त' खोद दूँ?" ते पाठ फिरवून घरात आले. मग त्यांनी फाटकाशी उभे राहणे सोडले, फिरायला जाणे सोडले. जेवणही कमी झाले. विनयाताई काळजीने अर्ध्या झाल्या.

दिवाळीच्या साफसफाईत नात सलोनीने मला खाली काढले. अडखळत वाचले आणि विचारले, "आजी, स्वानंद मतलब?"

"आपला आपल्याला आतून होणारा आनंद, बाळा. तो कुणी दिलेला नसतो, म्हणून कुणाला काढून घेता येत नाही."

"मतलब, तो रिटायर नाही होत?"

पेपरामागून चंद्रकांतराव हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. मग उठून त्यांनी स्वतःच हातोडी शोधली.

आज मी दारावर आहे. संगमरवर उलटा होऊन ओट्यावर बसला आहे, ताई त्यावर पोळ्या लाटतात. पोळ्या छान होतात हो.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर एखादा जुना शब्द पडला असेल, तर त्याची धूळ पुसा आणि घरातल्या लहानांना त्याचा अर्थ सांगा. जवळ बसलेल्या मोठ्यांनाही तो ऐकू जातो.